भूसुरुंग आणि जिवंत बॉम्बपासून लोकांना सावध करायचं काम : मदतीचे भागीदार शोधायचे कुठे?

आडवाट
मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे. युद्ध संपून एक पिढी उलटली तरी रानात, बांधावर, ओढ्याकाठी भूसुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब पडून आहेत अशा एका देशात मी छोट्या संस्थेबरोबर काम करतो. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या सहकाऱ्यांना उगाच त्रास नको. आमचं काम फक्त शिक्षणाचं. अशी वस्तू दिसली तर काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, हे शाळांत, पाणवठ्यावर, बाजाराच्या दिवशी सांगायचं. चित्रं, बाहुल्यांचे खेळ, रेडिओवरचे छोटे संवाद, सगळं तिथल्याच बोलीत आम्ही बनवलंय आणि लोक ते ऐकतात.

अडलंय पैशापाशी आणि ओळखीपाशी. मोठ्या संस्थांना पत्रं पाठवली की 'आपल्या कार्यास शुभेच्छा' एवढं उत्तर येतं. मदत देणारे भागीदार शोधायचे कुठे आणि त्यांच्यासमोर जायचं कसं? माझं मत आधीच सांगून टाकतो: हे शिक्षण सुरुंग काढण्याइतकंच महत्त्वाचं आहे, पण निधीच्या पंगतीत त्याला नेहमी शेवटचं पान.

तिरकस
शुभेच्छांच्या पत्रांची फाइल करा. लेखापरीक्षणात 'वस्तुरूप देणगी' म्हणून दाखवता येईल.

चौकस
बाळबोध शंका आहे, रागावू नका. सुरुंग काढूनच टाकले तर शिकवायचं कशाला? देणगीदार काढण्यावर जास्त पैसे घालत असतील तर त्यात चूक काय?

निवृत्त सॅपर
चौकस, शंका रास्त आहे. फक्त 'काढून टाकले तर' यातला 'तर' किती लांबीचा असतो ते बघा. लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यात क्लस्टर बॉम्बमधून सुटलेली छोटी बॉम्बलेट अंदाजे २७ कोटी, आणि त्यातली तीस टक्क्यांपर्यंत फुटलीच नाहीत असं मानतात. ती अजून निघतायत. नांगराला लागतात, चूल पेटवली की खालच्या मातीत तापून फुटतात. दरम्यान माणसांना तिथेच राहायचं आहे, पेरायचं आहे, गुरं चारायची आहेत. त्या दरम्यानसाठी शिक्षण.

पण आडवाट, तुमचं 'इतकंच महत्त्वाचं' मला पटलं नाही. तुम्ही पोराला शिकवलंत की हात लावू नको, मोठ्या माणसाला सांग. पोराने सांगितलं. मोठ्या माणसाने तुमच्या पत्रकावरचा नंबर फिरवला. पुढे? आठवडा गेला, महिना गेला, कोणी आलंच नाही, तर तो बाप एक दिवस काठीने ती वस्तू बांधापलीकडे ढकलतो. माझी सगळी नोकरी स्फोटकांच्या आसपास गेली, म्हणून सांगतो: पैसे देणारा नंतर शोधा. पहिला भागीदार तो, जो निरोप मिळाल्यावर गाडी काढून येतो.

आडवाट
काका, इथेच आमची गोची आहे. निकामी करणारं पथक एका मोठ्या संस्थेचं आहे. त्यांचं वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं, जमिनीच्या ठरलेल्या तुकड्यातच काम. आमच्या गावांचे निरोप त्यांच्या यादीत तळाला जातात. त्यांना दोष देत नाही, त्यांनाही त्यांच्या देणगीदाराला साफ केलेलं क्षेत्रफळ दाखवायचं असतं.

हिशेबनीस
मी अशा प्रकल्पांची अनुदानं सांभाळायचे, म्हणजे पैसे मागणाऱ्यांच्या आणि देणाऱ्यांच्या मधल्या टेबलावर बसायचे. थोडं लांब लिहिते.

पत्र कोणाला लिहायचं याआधी देशात या कामाचं प्राधिकरण आहे का ते बघा. बहुतेक बाधित देशांत असतं: कंबोडियात, लाओसमध्ये, अंगोलात आहे. त्यांच्याकडे नोंद नसेल आणि तुमचं साहित्य त्यांनी तपासलेलं नसेल, तर कुठलाही शहाणा देणगीदार तुमच्याकडे वळून बघणार नाही. हे कागदी घोडं वाटेल, पण चुकीचा संदेश म्हणजे इथे पाय जाणं. साहित्य 'आयमास १२.१०' या आंतरराष्ट्रीय मानकाला धरून आहे का, हा पहिला प्रश्न विचारला जातो. मानक फुकट वाचायला मिळतं, आणि वाचायला कंटाळवाणं आहे. वाचा.

दुसरं. ओटावा करारात, म्हणजे १९९७ च्या सुरुंगबंदी करारात, तुमचा देश असेल तर त्याला कलम ७ खाली दरवर्षी जाहीर अहवाल द्यावा लागतो. लोकांना धोक्याची सूचना देण्यासाठी काय केलं हेही त्यात लिहायचं असतं. शेजारच्या चार जिल्ह्यांबद्दल भरभरून आणि तुमच्या जिल्ह्याबद्दल चकार शब्द नसेल, तर तुमच्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद तयार झाला. कलम ६ मध्ये तर ज्या देशांना शक्य आहे त्यांनी जखमींच्या पुनर्वसनाबरोबर जनजागृतीलाही मदत द्यावी असं सरळ लिहिलंय. मागताना ओशाळं व्हायचं कारण नाही.

तिसरं, आणि हे कडू आहे. तुमच्या आकाराच्या संस्थेला एखादं परराष्ट्र खातं थेट पैसे देईल ही आशा सोडा. त्यांच्या अटींची वहीच तुमच्या संस्थेपेक्षा जाड असते. वाट मधून जाते: युनिसेफचं त्या देशातलं कार्यालय (संयुक्त राष्ट्रांत या शिक्षणाची धुरा मुख्यतः त्यांच्याकडे आहे), मॅग, हॅलो ट्रस्ट, नॉर्वेजियन पीपल्स एड, ह्युमॅनिटी अँड इन्क्लुजन, डॅनिश रेफ्युजी कौन्सिल यांपैकी जी आंतरराष्ट्रीय संस्था तिथे असेल ती, आणि राष्ट्रीय रेड क्रॉस किंवा रेड क्रेसेंट. त्यांच्या मोठ्या अनुदानात तुम्ही उपभागीदार व्हायचं.

तिरकस
म्हणजे पोटभाडेकरू.

हिशेबनीस
अगदी. म्हणून भाडेकरार नीट वाचायचा. कार्यालयाचा खर्च, हिशेबनीसाचा पगार, गाडीचं इंधन यातला तुमचा वाटा आधीच लिहून घ्या. नाहीतर पत्रकं छापायला पैसे मिळतात आणि ती गावात न्यायला नाहीत.

खडूफळा
सगळे संस्थांकडेच का बघताय? सगळ्यात मोठी यंत्रणा शाळांची. शिक्षण खात्याने चार धडे अभ्यासक्रमात घेतले आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात दोन दिवस दिले, तर प्रकल्प संपला तरी काम संपत नाही. मी शिक्षक आहे, सुरुंगांतलं काही कळत नाही, पण एवढं कळतं की बाहेरून आलेला माणूस वर्षातून एकदा मुलांना हसवून जातो आणि वर्गातला मास्तर रोज असतो.

एक विनंती मात्र. मुलांना घाबरवणारी चित्रं नकोत. तुटलेले पाय, रक्त वगैरे. मुलं दोन दिवस झोपत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी तेच चित्र एकमेकांना दाखवून हसतात.

वाचनमात्र
इतकी वर्षं नुसती वाचत होते, आज लिहितेय. खडूफळा यांचं शाळेचं म्हणणं अर्धंच खरं. जी मुलं शाळेत येत नाहीत, गुरं राखतात, भंगार गोळा करतात, तीच जास्त बळी पडतात. मोठ्यांतही पुरुष जास्त, कारण रानात तेच जातात. सुरुंगबळींची जगभरची नोंद ठेवणाऱ्या लँडमाइन मॉनिटर या अहवालात २०२३ सालात जगभरात ५,७५७ लोक मेले किंवा जखमी झाले. बहुसंख्य सामान्य नागरिक, आणि त्यांत मुलांचं प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त. सगळ्यात जास्त म्यानमारमध्ये, हजाराच्या वर.

चौकस
भंगार गोळा करणारे? त्यांना धोका माहीत नसतो?

वाचनमात्र
माहीत असतो. चांगलाच माहीत असतो. या क्षेत्रात धोका पत्करणाऱ्यांचे प्रकार मानतात: ज्यांना पत्ताच नाही, ज्यांना ऐकीव अर्धवट माहिती आहे, ज्यांना चुकीचं कळलंय, जे बेफिकीर आहेत, आणि ज्यांना दुसरा इलाज नाही. शेवटच्या गटाला बाहुल्यांचा खेळ दाखवून काय होणार? तो बाहुलीपेक्षा जास्त जाणतो. त्याला दुसरं काम द्या, नाहीतर निदान जळण दुसरीकडून मिळवून द्या. म्हणून भागीदार शोधताना सुरुंगवाल्या संस्थांच्याच दारात रांग लावू नका. शेतीवाले, पाणीवाले, बचतगटवाले, त्यांच्याकडे जा. तिथे पैसाही जास्त असतो आणि गर्दीही कमी.

निवृत्त सॅपर
पटलं. आणि याला उलटी बाजूही आहे. मदत करणाऱ्या इतर संस्थांनाच हे शिक्षण द्यावं लागतं. २००१ साली अफगाणिस्तानात अमेरिकेने विमानातून अन्नाची पाकिटं टाकली, पिवळी. त्याच मोहिमेत क्लस्टर बॉम्बही टाकले, त्यातली बॉम्बलेटही पिवळी. शेवटी रेडिओवरून फरक समजावून सांगायची वेळ आली आणि पाकिटांचा रंग बदलून निळा करावा लागला. अन्न टाकणारा आणि बॉम्ब टाकणारा एकच, तरी रंगाचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पुराचंही तसंच. २०१४ च्या मे महिन्यात बॉस्नियात मोठा पूर आला, दरडी कोसळल्या, आणि वीस वर्षं जागेवर बसलेले सुरुंग खुणांच्या पाट्यांसकट वाहून गेले. गाळ उपसायला आलेल्या स्वयंसेवकाला कोण सांगणार? आपत्ती निवारणवाले हे आडवाट यांचे नैसर्गिक भागीदार आहेत.

झब्बू
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण त्या उंदरांचं कोणी बोललंच नाही! कंबोडियात मगावा नावाचा उंदीर सुरुंग हुंगून शोधायचा, त्याला २०२० मध्ये सुवर्णपदक मिळालं. हे पाळीव उंदीर नसून आफ्रिकेतले मोठे पिशवीगाल उंदीर असतात. वजन कमी, त्यामुळे सुरुंगावरून चालले तरी तो फुटत नाही.

तिरकस
आणि हिशेबनीस बाईंच्या अटींची वही न वाचता निधीही मिळवतात. लोक घरबसल्या उंदीर दत्तक घेतात म्हणे.

हिशेबनीस
हसू नका, यात धडा आहे. ज्या संस्थेने ते उंदीर शिकवले, अपोपो, तिला सामान्य माणसांच्या छोट्या देणग्या मिळतात, कारण गोष्ट चटकन समजते. शिक्षणाची अडचण ही की यश म्हणजे काहीच न घडणं. साफ केलेल्या शेताचा फोटो काढता येतो. न झालेल्या स्फोटाचा काय काढणार?

म्हणून देणगीदार आकडे मागतात आणि संस्था 'इतक्या हजार लाभार्थ्यांपर्यंत पोचलो' असं लिहितात. एका अहवालात मी एकाच गावची तीच मुलं शाळेत, बाजारात आणि क्रीडादिनी अशी तीनदा मोजलेली पाहिली होती. क्रीडादिनी तर पालकांसकट. आडवाट, तुम्ही हे करू नका. आधी आणि नंतर साधी पाहणी करा: लोकांना काय माहीत आहे, काय वाटतं, आणि मुख्य म्हणजे ते करतात काय. त्याहून चांगलं म्हणजे गावकऱ्यांनी कळवलेल्या वस्तूंची वही ठेवा. तारीख, जागा, कोणी कळवलं, पथक कधी आलं. ही वही सॅपर काकांच्या प्रश्नाचं उत्तर आहे आणि प्रस्तावातला सगळ्यात वजनदार पुरावाही.

खडूफळा
गोष्ट चटकन समजते यावरून आठवलं. १९९६ मध्ये बॉस्नियातल्या मुलांसाठी एका प्रसिद्ध उडत्या सुपरहिरोचं कॉमिक काढलं होतं ना? युनिसेफही त्यात होतं. मुलं सुरुंगाजवळ जातात आणि तो येऊन वाचवतो, असं काहीतरी.

वाचनमात्र
हो, आणि त्यावर टीकाही झाली, की मुलांना वाटेल संकटात पडलो तर वरून कोणीतरी येईल. लाल झगा पाहून देणगीदार खूश, वितरण उत्तम, आणि संदेशाच्या मुळाशीच घोळ. मोठा भागीदार मिळाला की तो आपलं पात्र, आपला रंग, आपलं बोधचिन्ह घेऊन येतो. साहित्याच्या शेवटच्या शब्दावर तुमचा हक्क राहील हे करारात घाला.

झब्बू
एक विचारू? चुकून सुरुंगाच्या पट्ट्यात गेलोच, तर आलो त्याच पावलांवर पाय ठेवत परत यायचं, बरोबर? लहानपणापासून हेच ऐकलंय.

निवृत्त सॅपर
आम्हालाही एके काळी तसंच शिकवलं होतं. सामान्य माणसासाठी आता शिकवण वेगळी आहे: जागच्या जागी थांबा, हलू नका, ओरडून इतरांना सावध करा, मदतीची वाट पाहा. गवतात, कोरड्या मातीत स्वतःचं पाऊल सापडत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला तर नाहीच. सैनिकाची गोष्ट निराळी. आडवाट, तुमच्या चित्रांत काय आहे?

आडवाट
थांबा, हाक मारा, वाट बघा. पाऊलखुणांचं चित्र नाही. पण तुमच्या प्रश्नावरून कळलं की प्राधिकरणाकडून तपासून घेणं का लागतं. आमच्या भागात दुसऱ्या एका संस्थेची जुनी पत्रकं अजून भिंतीवर आहेत आणि त्यांत पाऊलखुणाच आहेत. एकाच भिंतीवर दोन उपदेश.

चौकस
मला अजून एक कळत नाही. एवढे करार, एवढ्या संस्था, १९९७ चं नोबेलसुद्धा सुरुंगविरोधी मोहिमेला मिळालं. मग पैसा कमी का?

हिशेबनीस
कारण पैसा बातमीमागे जातो. जानेवारी १९९७ मध्ये डायना अंगोलाच्या सुरुंगक्षेत्रातून चालत गेली आणि जगाने पाहिलं. २०१६ मध्ये ओबामा लाओसला गेले तेव्हा तीन वर्षांसाठी नऊ कोटी डॉलर जाहीर झाले. नवं युद्ध पेटलं की निधी तिकडे वळतो, आणि जुन्या युद्धांचे सुरुंग मात्र जुने झाले म्हणून कमी फुटत नाहीत.

आणि एकाच दात्यावर भिस्त ठेवली तर काय होतं तेही पाहिलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी गोठवली. या क्षेत्रातला तेव्हाचा सगळ्यात मोठा दाता तोच. ठिकठिकाणची पथकं घरी बसली. आडवाट, छोटे असलात तरी दोन दारं उघडी ठेवा, त्यातलं एक देशातल्या देशात असू दे.

तिरकस
इकडे रशियाच्या युरोपातल्या शेजाऱ्यांनी २०२५ मध्ये ओटावा करारातून बाहेर पडायचं ठरवलं ते वेगळंच. लिथुआनिया, लॅटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड, पोलंड. उद्या आडवाट यांना तिकडेही मागणी येईल.

निवृत्त सॅपर
यावर वेगळा धागा काढा. रशिया शेजारी असताना काय करायचं हे इथून सांगणं सोपं आहे. आपला देशही त्या करारात नाही हे विसरू नका. इथे आडवाट यांच्या कामाचं बोलू.

खडूफळा
काका, पण एक तर मान्य कराल? नुसत्या शिक्षणाने फरक पडतो का नाही? कंबोडियात १९९६ मध्ये वर्षाला चार हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले, आता शंभराच्या आत आलेत.

निवृत्त सॅपर
त्यात साफसफाई आहे, लढाई थांबणं आहे, रस्ते आहेत, आणि शिक्षणही आहे. कोणाचा वाटा किती हे छातीठोकपणे सांगणाऱ्याला मी प्रस्ताव लिहिणारा समजतो. पण सगळं एकत्र झालं तिथे आकडा उतरला, एवढं मान्य.

आडवाट
सगळ्यांचे आभार. मधले काही दिवस इथे नव्हतो, तेवढ्यात हालचाल केली.

कलम ७ चा अहवाल शोधला. हिशेबनीस ताई म्हणाल्या तसंच निघालं: आमच्या जिल्ह्याचा उल्लेख बाधित क्षेत्राच्या तक्त्यात आहे, शिक्षणाच्या तक्त्यात नाही. प्राधिकरणाकडे साहित्य तपासायला दिलंय. तिथल्या बाईंनी पहिलंच विचारलं, "निरोप आला तर कोणाला कळवता?" काका, तुमची आठवण झाली. त्यांनीच सुचवलं की आमच्या वहीतल्या नोंदी त्यांच्या विहित नमुन्यात भरून दिल्या तर त्या थेट त्यांच्या माहितीसाठ्यात जातील, आणि निकामी करणाऱ्या पथकाला ते तिथूनच काम देतात. म्हणजे यादीच्या तळातून वर यायला वाट आहे.

वाचनमात्र ताईंच्या सांगण्यावरून एका पाणी योजनेवाल्या संस्थेला भेटलो. त्यांना पाइपलाइन खणायची आहे आणि खणणाऱ्या गावकऱ्यांना कोणी काही सांगितलेलंच नाही. ते प्रशिक्षणाचा खर्च द्यायला तयार आहेत. रक्कम लहान आहे. आता प्रश्न असा की खणायच्या आधी जागा तपासलेली नसेल तर आम्ही नुसतं प्रशिक्षण द्यावं का?

निवृत्त सॅपर
नाही. आधी जागेची पाहणी, मग कुदळ. हे लेखी घ्या. ते तयार नसतील तर पैसे नाकारा. तुमच्या प्रशिक्षणाचा दाखला दाखवून कोणी खणायला उतरवलं आणि काही झालं, तर दोष प्रशिक्षणाच्या माथी येतो.

वाचनमात्र
सहमत. पण नाकारायच्या आधी त्यांना प्राधिकरणाच्या त्या बाईंकडे घेऊन जा. बऱ्याचदा अशा संस्थांना पाहणी मागता येते हेच माहीत नसतं.

हिशेबनीस
आणि पाहणीला वेळ लागतो, तोवर त्यांचं आर्थिक वर्ष संपेल. करारात मुदतवाढीचं कलम आत्ताच घाला. मसुदा आला की नावं खोडून मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, इंधन आणि विम्याच्या ओळी मी बघून देते.

आडवाट
पाठवतो. सोमवारी पाणीवाले आणि प्राधिकरणाच्या बाई, दोघांची एकत्र बैठक ठरली आहे.

तिरकस
बैठकीत शुभेच्छा मिळाल्या तर त्याही पाठवा, फाइलला लावू.